‘कनिष्क’ : सकाळी आठ वाजून चौदा मिनिटांपर्यंत

आयर्लंडच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर २३ जूनची संध्याकाळ जाळ पेटवायची असते. सेंट जॉनच्या सणाची ही पूर्वसंध्या. कॉर्क, केरी, मेयो या परगण्यांत अंधार पडला की गोळा करून ठेवलेली लाकडं रचतात आणि आपल्या होळीसारखा जाळ करतात. १९८५ साली हा दिवस रविवारी आला. त्या रविवारी सकाळी, किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटरवर, अटलांटिकच्या वर ३१ हजार फुटांवर एअर इंडियाचं ‘सम्राट कनिष्क’ हे जम्बो जेट बॉम्बने फुटलं. ३०७ प्रवासी आणि २२ कर्मचारी, एकही वाचला नाही. आयर्लंडच्या आसपास एवढा मोठा विमानघात ना आधी झाला होता, ना नंतर झाला. ज्या भांडणाशी या छोट्या देशाचा काडीचा संबंध नव्हता, त्या भांडणाचे मृतदेह त्याच्या पदरात आले.

पुढे जे तासातासाने मांडलं आहे ते विमानापेक्षा एका बॅगेबद्दल जास्त आहे. ही बॅग कॅनडातल्या तीन विमानतळांवरून गेली. वाटेत तिला थोपवू शकतील अशी माणसं होती, यंत्रं होती, नियम होते, एवढंच काय, कुत्रेही होते. स्फोट घडवणाऱ्यांचा गुन्हा त्यांच्याकडेच राहतो, त्यात वाटेकरी नाही. पण तो गुन्हा पार पडला तो वाटेतल्या ‘जाऊ द्या’मुळे. घड्याळ सगळीकडे आयर्लंडचं ठेवलं आहे. स्थानिक वेळ सोबत दिली आहे.

त्याआधी

जून १९८४मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरलं. ऑक्टोबरच्या अखेरीस इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पाठोपाठ दिल्लीत शिखांचं शिरकाण झालं. कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबियात, स्थायिक झालेल्या शीख समाजातल्या मूठभर जहालांनी सूड घ्यायचं ठरवलं. ‘मूठभर’ हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. ‘कनिष्क’च्या कॉकपिटमध्ये सहवैमानिक सतविंदरसिंग भिंदर बसले होते आणि प्रवाशांत शीख कुटुंबंही होती. या गटाचा म्होरक्या म्हणून ज्याचं नाव पुढे चौकशी आयोगाने घेतलं तो बब्बर खालसा या संघटनेचा तलविंदरसिंग परमार.

१ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या मुंबईतल्या कार्यालयातून एक टेलेक्स निघाला. विमानांत टाइमबॉम्ब ठेवले जाण्याचा धोका आहे, सामानाची कसून तपासणी करा, अशा आशयाचा. तो टोरांटोत पोहोचला, तिथल्या विमानतळावरच्या पोलिसांच्या हातीही पडला. तिथून तो कॅनडाच्या गुप्तचर खात्याकडे जायला हवा होता. गेला नाही. एअर इंडियाकडून असे इशारे वरचेवर येत, आणि जादा बंदोबस्त फुकटात मिळावा म्हणून ही कंपनी बागुलबुवा दाखवते, असा समज कॅनडाच्या अधिकाऱ्यांत रूढ झाला होता. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. शेवटी लांडगा खरोखरच येतो, हा तिचा भाग मात्र सोयीने विसरला जातो.

४ जूनला परमार, इंद्रजितसिंग रेयात नावाचा मेकॅनिक आणि एक तिसरा माणूस व्हँकुव्हर बेटावरच्या डंकन गावाजवळच्या जंगलात गेले. गुप्तचर खात्याची माणसं त्यांच्या मागावर होती. जंगलातून मोठा बार झाल्याचं त्यांनी ऐकलं आणि बंदूक उडाली असावी असं समजून परत फिरली. ती चाचणी होती. फोनही टॅप होत होते. त्या टेप पुढे बहुतेक सगळ्या खात्यानेच पुसून टाकल्या.

१९ जूनला व्हँकुव्हरमध्ये कॅनेडियन पॅसिफिक एअरलाइन्सच्या, म्हणजे सीपी एअरच्या, दोन तिकिटांचं फोनवरून आरक्षण झालं. दुसऱ्या दिवशी एक माणूस आला, ३,००५ डॉलर रोख मोजले आणि दोन्ही तिकिटं घेऊन गेला. तिकिटांवर नावं होती एल. सिंग आणि एम. सिंग. एक तिकीट पश्चिमेला, टोकियोमार्गे बँकॉकला. दुसरं पूर्वेला, टोरांटोमार्गे दिल्लीला. दोन्ही प्रवासांच्या पुढच्या टप्प्यावर एअर इंडियाचं विमान होतं.

शनिवार, २२ जून. दुपारी २.३० (व्हँकुव्हरला सकाळी ६.३०)

सीपी एअरच्या कार्यालयात फोन वाजतो. आपलं टोरांटोपुढचं तिकीट पक्कं झालं का, असं एक सिंग विचारतात. नाही, अजून प्रतीक्षा यादीतच आहे, असं उत्तर मिळतं. मग बॅग तरी थेट दिल्लीपर्यंत लावून द्याल का? पुढची जागा पक्की नसताना ते करता येत नाही, असं त्यांना सांगितलं जातं. नियम स्पष्ट होता आणि फोनवर तो पाळला गेला.

संध्याकाळी ५.१८ (व्हँकुव्हरला सकाळी ९.१८)

सीपी एअरचं ६० क्रमांकाचं विमान टोरांटोकडे निघतं. त्याआधी काउंटरवर जे घडलं ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे, कारण अख्ख्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची दोन-तीन मिनिटं ती हीच.

सुट्ट्यांचा हंगाम, शनिवारची सकाळ, रांगेत तीसेक माणसं. एम. सिंग म्हणवणारा माणूस बॅग पुढे करतो आणि ती थेट दिल्लीपर्यंत लावायला सांगतो. काउंटरवरची कर्मचारी तिकीट पाहते. टोरांटोपर्यंत पक्कं, पुढे नाही. ती नकार देते. तो हटत नाही. आपण एवढे पैसे भरले आहेत, आपल्या भावाने फोन करून सगळं ठरवलं आहे, हवं तर भावाला बोलावतो, असं म्हणू लागतो. रांग वाढत चाललेली. मागची माणसं वैतागलेली. शेवटी ती म्हणते, ठीक आहे, लावते, पण टोरांटोला गेल्यावर एअर इंडियाकडे चौकशी करा. बॅगेला दिल्लीचा टॅग लागतो.

या बाईंना पुढची कित्येक वर्षं चौकशा आणि साक्षींना तोंड द्यावं लागलं. मला त्यांना दोष देणं जमत नाही. रांगेतल्या हट्टी गिऱ्हाइकाला वाटेला लावण्यासाठी आपल्यापैकी कोण नियम वाकवत नाही? बँकेत, एसटीच्या खिडकीवर, तहसील कचेरीत हे रोज घडतं. तिथे काही फुटत नाही एवढंच. दोष असलाच तर त्या व्यवस्थेचा, जिने एका माणसाच्या चिडचिडीवर शेकडो जीव टांगून ठेवले आणि त्या कर्मचारीला धोक्याची कल्पनाही दिली नाही.

विमान सुटतं. एम. सिंगची जागा रिकामी असते. बॅग मात्र पोटात असते. प्रवासी नाही तर त्याचं सामान उतरवायचं, ही साधी जुळणी त्या दिवशी तिथे कोणी केली नाही.

रात्री ९.२२ (टोरांटोला दुपारी ४.२२)

सीपी ६० बारा मिनिटं उशिरा टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरतं. एअर इंडियासाठीचं सामान वेगळं काढून पुढे पाठवलं जातं. मालक नसलेली बॅग त्यात असते.

रात्री ९.३७ (व्हँकुव्हरला दुपारी १.३७)

टोकियोला जाणारं सीपी एअरचं ००३ क्रमांकाचं विमान निघतं. एल. सिंगही जागेवर नसतात. त्यांचीही बॅग गेलेली असते.

रात्री पावणेदहाच्या सुमारास (टोरांटोला पावणेपाच)

एअर इंडियाचं सामान तपासणारं एक्स-रे यंत्र बंद पडतं. बरंच सामान तोवर तपासून झालेलं असतं, बरंच उरलेलं असतं. एम. सिंगची बॅग यंत्र चालू असताना त्यातून गेली की ते बंद पडल्यावर रांगेत आली, हे कधीच ठरवता आलं नाही.

यंत्र नाही म्हटल्यावर हातात धरायचं एक उपकरण पुढे येतं. पीडी-४ नावाचं. स्फोटकांचा वास घेणारं, असा त्याचा लौकिक. त्याच वर्षी जानेवारीत टोरांटोच्या विमानतळावर पोलिसांसमोर त्याचं प्रात्यक्षिक झालं होतं. बंदुकीच्या दारूपासून एका इंचावर नेईपर्यंत ते वाजलं नव्हतं. पोलिसांनी ते कुचकामी ठरवलं होतं. आता कंत्राटी सुरक्षा कंपनीचे, जेमतेम प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी तेच उपकरण बॅगांच्या कडांवरून फिरवत होते. एका बॅगेच्या कुलपापाशी त्याने बारीकसा आवाज केला. पण ते वाजतं म्हणजे कसं वाजतं हे कर्मचाऱ्यांना दाखवताना काडी पेटवून दाखवलं होतं आणि तेव्हा ते मोठ्याने किंचाळलं होतं. हा आवाज तसा नव्हता. बॅग पुढे गेली.

राहता राहिला कुत्रा. टोरांटोच्या विमानतळावर स्फोटकं हुंगणारा पोलिसी कुत्रा असायचा. त्या आठवड्यात कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलाचे सगळे श्वानपथकवाले प्रशिक्षणासाठी एकत्र गेले होते. कुठे, तर व्हँकुव्हरला.

रविवार, २३ जून. रात्री १.१५ (टोरांटोला शनिवारी रात्री ८.१५)

विमान १ तास ४० मिनिटं उशिरा निघतं. कारण सुरक्षेचं नाही. काही दिवसांपूर्वी एअर इंडियाच्या दुसऱ्या एका जम्बोचं इंजिन टोरांटोत बिघडलं होतं, ते दुरुस्तीसाठी भारतात न्यायचं होतं. असं इंजिन विमानाच्या डाव्या पंखाखाली पाचवं म्हणून टांगून नेतात. त्याचे सुटे भाग मालाच्या कप्प्यात चढवतात. या टांगाटांगीत आणि चढवाचढवीत वेळ गेला.

हा उशीर लक्षात ठेवावा. वेळापत्रकाप्रमाणे विमान सुटलं असतं, तर सकाळी आठ वाजून चौदा मिनिटांनी ते लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरून उभं असतं. स्फोट तरीही झाला असता. पण एवढ्या सगळ्या माणसांना घेऊन आकाशात झाला नसता. ‘उशीर झाला म्हणून वाचलो’ असे किस्से आपण फार ऐकतो. हा उलटा हिशेब सांगायला मागे कोणी उरलं नाही.

कॅनडाहून एअर इंडियाचं विमान तेव्हा आठवड्यातून एकदाच सुटे. शाळांना सुट्ट्या लागत होत्या. आजी-आजोबांना नातवंडं दाखवायला, लग्नकार्याला, कित्येक वर्षांनी गावी जायला माणसं निघाली होती. प्रवाशांतले बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते, ऐंशीहून अधिक लहान मुलं होती. लंडनहून विमान दिल्लीला आणि तिथून मुंबईला यायचं होतं. त्याच विमानात ‘नदिया के पार’मधून लोकांच्या ओळखीचा झालेला अभिनेता इंदर ठाकूरही होता.

पहाटे ३.१८ (माँट्रियलला शनिवारी रात्री १०.१८)

माँट्रियलच्या मिराबेल विमानतळावरून ‘कनिष्क’चं शेवटचं उड्डाण. आतापर्यंत त्याचा क्रमांक १८१ होता, इथून पुढे १८२.

इथे एक्स-रे यंत्र चालू होतं. तीन बॅगा संशयास्पद वाटल्या म्हणून त्या बाजूला काढल्या. क्वेबेक प्रांताच्या पोलिसांच्या श्वानपथकाला बोलावणं गेलं. कुत्रा आला तेव्हा विमान निघून गेलेलं होतं. त्या तीन बॅगा मग हुंगून, उघडून पाहिल्या. काही निघालं नाही. म्हणजे निरुपद्रवी बॅगा जमिनीवर राहिल्या. तीन बॅगांचा संशय आल्यावर विमान थांबवून बाकीचं सामान त्या कुत्र्याच्या नाकाखालून काढायला हवं होतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण आधीच उशीर झाला होता.

सकाळी ७.१९ (टोकियोला दुपारी ३.१९)

आता पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. सीपी ००३ टोकियोच्या नारिता विमानतळावर पावणेतीनच्या सुमारास, वेळेच्या चौदा मिनिटं आधी उतरलं आहे. सामान काढून एअर इंडियाच्या बँकॉकला जाणाऱ्या ३०१ क्रमांकाच्या विमानासाठी नेलं जात आहे. एक बॅग फुटते. सामान वाहणारे दोन जपानी कामगार जागीच ठार होतात, चार जखमी होतात. एअर इंडियाचं ते विमान सुटायला अजून अवकाश होता, म्हणून ते वाचलं.

जपानी पोलिसांनी नंतर त्या जागेतले कण न् कण वेचले. त्या तुकड्यांमधून त्यांनी बॉम्ब कशात ठेवला होता हे जुळवलं: सान्यो कंपनीचा एक ट्यूनर. त्याच बनावटीचा ट्यूनर रेयातने डंकनमधल्या दुकानातून विकत घेतला होता. या सगळ्या प्रकरणात कोणी आपलं काम चिवटपणे आणि नीट केलं असेल तर ते या पोलिसांनी आणि थोड्या वेळाने कामाला लागणार असलेल्या आयरिश माणसांनी.

नारिताचा स्फोट आणि ‘कनिष्क’चा स्फोट यांत पंचावन्न मिनिटांचं अंतर आहे. या पंचावन्न मिनिटांत काही करता आलं असतं का? कागदावर, हो. टोकियोतला स्फोट व्हँकुव्हरहून आलेल्या आणि एअर इंडियाकडे जाणाऱ्या बॅगेत झाला, एवढं कळलं असतं आणि अटलांटिकवरच्या विमानाला सांगता आलं असतं तर. प्रत्यक्षात नारितात तेव्हा धूर निवळला नव्हता. हा पर्याय मी मांडतो तो फक्त इतरांनी मांडू नये म्हणून. खऱ्या संधी कॅनडात होत्या आणि त्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या.

सकाळी ८.०५ ते ८.१४

‘कनिष्क’ आयर्लंडच्या हद्दीत येतं. शॅननच्या हवाई नियंत्रण केंद्राशी संपर्क होतो. पडद्यावर तीन विमानं जवळजवळ दिसत आहेत: एअर इंडियाचं, टीडब्ल्यूए कंपनीचं आणि सीपी एअरचं. नियंत्रक ‘कनिष्क’ला रडारवर ओळख पटवण्यासाठी २००५ हा संकेतांक लावायला सांगतात. आठ वाजून दहा मिनिटांच्या आतबाहेर कॉकपिटमधून उत्तर येतं, संकेतांक लावला आहे. कॅप्टन हंसेसिंग नरेंद्र, सहवैमानिक भिंदर आणि फ्लाइट इंजिनिअर दारा दुमासिया, तिघेही अनुभवी. लंडन तासा-सव्वा तासावर. त्या संभाषणात घाई नाही, काळजी नाही; रोज शंभर वेळा होतं तसलं बोलणं.

८.१४

नियंत्रकांच्या कानांवर एक अस्पष्ट खरखर येते. पडद्यावरच्या तीन खुणांपैकी एक नाहीशी होते.

धोक्याचा संदेश नाही, काही नाही. विमानातले दोन्ही रेकॉर्डर एकाच क्षणी थांबले, हे पुढे सिद्ध झालं. भारतात तेव्हा रविवारची दुपार होती, बारा वाजून चव्वेचाळीस मिनिटं. टोरांटोत पहाटेचे सव्वातीन. निरोप देऊन परतलेली माणसं झोपेत होती.

शॅननचे नियंत्रक पुन्हा पुन्हा हाका मारतात. बाकीच्या दोन विमानांना विचारतात, काही दिसतं का, काही ऐकू येतं का. त्यांना काही दिसत नाही.

८.३०

आणीबाणी जाहीर होते. शॅननमधलं सागरी बचाव केंद्र कामाला लागतं आणि व्हॅलेंशिया बेटावरचं रेडिओ केंद्र त्या भागातल्या सगळ्या जहाजांना साद घालतं. रविवारची सकाळ, सुट्टीचा दिवस, एक छोटं राष्ट्र आणि त्याचं त्याहून छोटं नौदल. विमान बेपत्ता झाल्यापासून पाव तासात यंत्रणा हलली होती. आदल्या दिवशीचे सतरा-अठरा तास ज्याने वाचले आहेत, त्याच्या डोळ्यांत हा फरक भरल्याशिवाय राहत नाही.

१०.१३

‘लॉरेंशियन फॉरेस्ट’ हे मालवाहू जहाज कळवतं की समुद्रावर विमानाचे अवशेष दिसत आहेत. थोड्याच वेळात दुसरा निरोप: मृतदेह दिसत आहेत. जहाजावरचे खलाशी, ज्यांचा बचावकार्याशी काही संबंध नव्हता, आपली छोटी नाव पाण्यात सोडतात आणि मृतदेह वर घ्यायला लागतात.

दुपार

आयरिश नौदलाचं ‘अ‍ॅश्लिंग’ हे जहाज येऊन पोहोचतं. मासेमारीवर गस्त घालणं हे त्याचं रोजचं काम. परदेशी ट्रॉलरची जाळी तपासणारी ही तरुण मुलं. लेफ्टनंट कमांडर जेम्स रॉबिन्सन यांच्या हुकमावर ती हवेच्या रबरी नावांत उतरली आणि लाटांमधून, विमानाच्या इंधनाच्या तवंगातून, फाटक्या पत्र्यांमधून एकेक देह ओढून घेऊ लागली. त्यांत लहान मुलं होती. शार्क मासेही आसपास होते. काही खलाशांनी थेट पाण्यात उड्या घेतल्या. यांच्यापैकी काहींना आयर्लंडने विशेष सेवा पदक दिलं. त्या दिवसाबद्दल पुढे कित्येक वर्षं त्यांच्यातले बरेच जण घरातही बोलू शकले नाहीत.

वर ब्रिटिश आणि अमेरिकी हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती. व्हॅलेंशियाची लाइफबोटही एवढ्या लांबवर, खुल्या समुद्रात येऊन पोहोचली. ही लाइफबोट पगारी नोकरांची नसते. गावातले कोळी, दुकानदार, शिक्षक असे स्वयंसेवक ती चालवतात.

संध्याकाळ

हेलिकॉप्टरं कॉर्कच्या विमानतळावर उतरत राहतात. तिथून कॉर्कच्या प्रादेशिक रुग्णालयात. शवागाराची जागा कमी पडणार हे उघड होतं, म्हणून रुग्णालयातली व्यायामशाळा मोकळी करून तिचं शवागार केलं. एकूण १३१ मृतदेह मिळाले. उरलेले १९८ समुद्रानेच ठेवले.

पुढच्या दिवसांत कॅनडातून, भारतातून, इंग्लंडमधून नातेवाईक कॉर्कला आले. परक्या देशात, परक्या भाषेत आपल्या माणसाचा फोटो ओळखायचा होता. नर्सेस, पोलीस, टॅक्सीवाले, घरं उघडून देणाऱ्या गृहिणी, अशा कॉर्कच्या साध्या लोकांनी ते दिवस सांभाळले. अनेक कुटुंबांनी पुढे चाळीस वर्षं कॉर्कशी नातं जपलं ते यामुळे.

याउलट कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. मेलेल्यांतले बहुसंख्य त्यांचेच नागरिक होते, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असूनही तसं वाटलं नसावं, आणि ते जास्त वाईट.

त्यानंतर

जुलैमध्ये सुमारे दोन हजार मीटर खोलीवरून, एका फ्रेंच केबल-जहाजावरच्या यांत्रिक हातांनी विमानाचे दोन्ही रेकॉर्डर वर काढले. ते मुंबईला आणले आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांचा अभ्यास झाला. न्यायमूर्ती कृपाल यांच्या आयोगाने बॉम्बस्फोट हेच कारण असल्याचा निष्कर्ष काढला.

२३ जून १९८६ रोजी कॉर्क परगण्यातल्या अहाकिस्ता या किनाऱ्यावरच्या गावी स्मारक उभं राहिलं. मूर्तिकार केन थॉम्प्सन यांनी त्यात सूर्यघड्याळ बसवलं आहे. दरवर्षी त्या दिवशी नातेवाईक आणि गावकरी तिथे जमतात आणि सकाळी ८.१४ला स्तब्ध उभे राहतात. कॅनडाला आपल्या भूमीवर असं स्मारक करायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

खटल्याची कथा थोडक्यात सांगता येते, कारण तिच्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. परमार ऑक्टोबर १९९२मध्ये पंजाबात पोलिसांच्या हातून मारला गेला. रिपुदमनसिंग मलिक आणि अजायबसिंग बागरी या दोन आरोपींना १६ मार्च २००५ रोजी व्हँकुव्हरच्या न्यायालयाने निर्दोष सोडलं. फिर्यादी पक्षाच्या साक्षीदारांवर न्यायाधीशांचा विश्वास बसला नाही, आणि पुरावा म्हणून कामी आल्या असत्या त्या टेप पुसलेल्या होत्या. निवृत्त न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने २०१०मध्ये अहवाल दिला आणि हा कॅनडाच्याच इतिहासातला हत्याकांडाचा प्रसंग आहे, सरकारी खात्यांच्या एकामागून एक चुकांनी तो घडू दिला, असं स्वच्छ लिहिलं. त्याच वर्षी २३ जूनला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी कुटुंबांची माफी मागितली. पंचवीस वर्षांनी.

शिक्षा एकट्या इंद्रजितसिंग रेयातला झाली. नारितातल्या दोन कामगारांच्या मृत्यूबद्दल १९९१मध्ये दहा वर्षं. ‘कनिष्क’च्या ३२९ माणसांबद्दल २००३मध्ये, कबुलीजबाबाच्या बदल्यात, पाच वर्षं. मलिक-बागरी खटल्यात साक्ष देताना खोटं बोलल्याबद्दल २०११मध्ये नऊ वर्षं. म्हणजे ३२९ जणांच्या मृत्यूपेक्षा खोट्या साक्षीची शिक्षा मोठी ठरली. २०१७पासून तो मोकळा आहे. व्हँकुव्हरच्या काउंटरवर ती बॅग देणारा एम. सिंग कोण होता, हे कुठल्याही न्यायालयात आजवर सिद्ध झालेलं नाही.